मुळेगाव तांड्यापासून प्रेरणाभूमीपर्यंत

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी केव्हाच बंद पडली. उरले यंत्रमाग, चादरी-टॉवेल आणि बायाबापड्यांच्या हातातली विडी. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांवर या शहरातली कितीतरी घरे चालतात. त्या मजुरीचे पैसे दारूत गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि दारू सुटल्यावर सावरलेलीही. या खेपेला सोलापूर हिंडलो ते हेच मनात ठेवून.

हैदराबाद रस्त्याने बाहेर पडले की मुळेगाव तांडा लागतो. वर्षानुवर्षे त्याचे नाव हातभट्टीशी जोडलेले. गूळ आणि नवसागर सडवायचा, भट्टी लावायची, माल शहरात पोचवायचा. पोलीस यायचे, रसायन ओतून द्यायचे, आणि चार दिवसांनी भट्टी पुन्हा पेटायची. पेटणारच, घरच्या चुलीला दुसरा आधार कुठे होता? २०२१ साली ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. धाडी चालूच राहिल्या, पण एकेक गाव एकेका अधिकाऱ्याने दत्तक घेतले, लोकांशी बोलणे केले, भट्टी सोडणाऱ्याला दुसरा रोजगार मिळावा म्हणून खटपट केली. हातभट्टी समूळ गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण भट्टी मोडल्यावर त्या जागी काय येणार, हा प्रश्न कोणीतरी विचारला.

पिणाऱ्याचेही तसेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा सतरावी. बुधवार पेठेत, मिलिंदनगरच्या प्रेरणाभूमीत त्यांच्या अस्थी आहेत. तेथे हात जोडून ही प्रतिज्ञा पुन्हा घेणारा माणूस खोटा नसतो. ती मोडते संध्याकाळी, काम सुटल्यावर. किंवा हळदीच्या रात्री, जयंतीच्या मिरवणुकीत. “एकच घे” म्हणणारा वैरी नसतो, मावसभाऊच असतो!

म्हणून संध्याकाळला दुसरे काही हवे. त्याआधी दवाखाना. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावे. पुढे कोणी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये जातो. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. कोणी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला बसतो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच ही चळवळ काढली. फी नाही, फक्त आजचा दिवस न पिता काढायचा. तेथे आडनाव विचारत नाहीत, ही गोष्ट आपल्या माणसाला किती मोलाची वाटते ते सांगायला नको.

यांतली कोणतीही वाट धरा, पण धरून ठेवा. महिनाभर इकडे, मग गळ्यात गंडा, मग बायकोने गुपचूप चहात टाकलेली बाबाची पुडी, असे केले की पैसाही जातो आणि धीरही. पाय घसरला तर दुसऱ्याच दिवशी त्याच बैठकीला जाऊन बसावे. तेथे हसत नाहीत, सगळे कधी ना कधी घसरलेले असतात.

एका यंत्रमाग कामगाराने आम्हाला आपली रीत सांगितली. पगाराच्या दिवशी तो बायकोला कारखान्याच्या फाटकावर बोलावतो, पैसे तिच्या हाती देतो आणि गुत्त्याची गल्ली टाळून दोघे लांबच्या रस्त्याने घरी येतात. चालणे वीस मिनिटांनी वाढले आहे.