बाग वाढताना

आमच्या घरी वर्षाकाठी चार-पाच केक होतात आणि त्यांतला प्रत्येक केक ही एक बाग असते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. सकाळी वर्गात अलंकार शिकवायचे आणि रात्री साखरेचे अलंकार घडवायचे, अशी थट्टा सहकारी करतात. तिच्यात तथ्य नाही असे नाही. लेक चार वर्षांची असताना तिने वाढदिवसाला बाग मागितली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती देण्याचा दुसरा मार्ग आम्हांला दिसला नाही. लेक मोठी झाली, तिचा हट्ट सरला. आम्हांला मात्र छंद जडला. त्याविषयी लिहावे असे कधी वाटले नव्हते. परंतु २०२४ च्या मे महिन्यात केलेल्या एका बागेने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला, आणि तो भाषेचा असल्यामुळे इथल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

केक हा मराठी स्वयंपाकघरात आगंतुक आहे, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. ओव्हन घरोघरी येण्यापूर्वी कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून, मंद आचेवर केक भाजला जात असे, हे मात्र आपण सहज विसरतो. ती वाळू एका डब्यात जपून ठेवलेली असे आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा बाहेर निघे. पदार्थ परका असेल. त्याभोवतीची काटकसर पूर्णपणे आपली होती.

बागेची जमीन म्हणजे हा केक. आठ इंची भांड्यासाठी लोणी, पिठीसाखर आणि मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम आणि ४ अंडी हे आमचे नेहमीचे प्रमाण. लोणी आणि साखर फेसताना त्यांत हवा कोंडली जाते आणि भट्टीत तीच फुगून जमीन भुसभुशीत होते. अंडे न चालणाऱ्या घरांसाठी कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा आणि साधारण अडीचशे ग्रॅम मैदा असा हिशेब असतो. जमिनीवर मातीचा थर हवा. त्यासाठी चॉकलेटची बिस्किटे लाटण्याखाली चुरायची. हिरवळीसाठी अनेक बारीक छिद्रांचे नोझल मिळते; क्रीमची पिशवी दाबून झटकन वर उचलली की गवताचा झुबका उभा राहतो. तळ्यासाठी चायना ग्रासची निळसर जेली. पानांची कृती आम्हांला विशेष आवडते. गुलाबाचे खरे पान धुऊन, पुसून, ठळक शिरांच्या मागच्या बाजूला वितळलेले चॉकलेट ब्रशने लावायचे. ते थिजले की खरे पान अलगद सोलायचे. हाती उरते ते शिरांसकट चॉकलेटचे पान. पानाच्या पाठीवरून पानाचे तोंड तयार होते, हे अनुकृतीचा सिद्धान्त शिकवणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.

खरी फुले लावण्याचा मोह आवरावा लागतो. फवारणी न केलेला घरचा गुलाब किंवा गोकर्ण चालते. कण्हेर, घाणेरी, सदाफुली ही दिसायला कितीही साजिरी असली तरी विषारी आहेत, आणि बाजारातल्या फुलांवर कोणते औषध मारले आहे ते सांगता येत नाही. म्हणून आमची फुले बहुधा काजूची असतात. काजूची पूड साखरेच्या पाकात घोटून केलेला, काजूकतलीच्या जातीचा हा गोळा हव्या त्या आकाराला येतो. गोव्यात नाताळात काजूचेच मझपान साच्यांतून काढतात. आमची फुले त्याच कुळातली. रंग हळदीचा, बिटाचा, पालकाचा, गोकर्णाचा. गोकर्णाच्या निळ्या रंगात लिंबाचा थेंब पडला की तो जांभळा होतो, त्यामुळे एका फुलात दोन फुले भागतात.

हे सारे करताना आपण काही अपूर्व करतो आहोत असे आम्हांला कधी वाटले नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरून चार दिवसांत डोंगर हिरवे करणारी मुले आपल्याच अंगणांत वाढली. चैत्रगौरीपुढची आरास, कलिंगडाचे कोरलेले कमळ, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, लग्नातल्या रुखवतात मांडलेली बाग आणि वृंदावन हे सारे एकाच घराण्याचे आहे. बहुतेक वेळा बायकांनी, रात्री जागून, नाव न घालता केलेले हे काम आपल्या कलाविचारात फारसे आले नाही. ते टिकत नाही, हे त्याचे एक कारण असावे. किल्ला मोडतो, गौर उठते, हलवा खाल्ला जातो.

मोडण्याचा हा प्रसंग आपली भाषा कसा हाताळते, ते पाहण्यासारखे आहे. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर ती वाढवली असे म्हणतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. देवावरची शिळी फुले निर्माल्य होतात, मूर्तीचे विसर्जन होते. जिथे काही संपते तिथे मराठी माणूस क्षणभर थांबतो आणि शब्द बदलतो. केकपाशी मात्र तो थांबत नाही. केक आपण सरळ कापतो. इंग्रजी क्रियापदाचा हा उघडा तर्जुमा आपण स्वीकारला आणि त्याला मृदू पर्याय शोधण्याची गरज कुणालाच भासली नाही.

मेणबत्त्यांचेही तसेच. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावल्याचे जे जुने उल्लेख आहेत, त्यांतला एक जर्मन कवी गटे याचा आहे. १८०१ च्या ऑगस्टमध्ये तो गोथा येथे राजपुत्राचा पाहुणा होता. २८ तारखेला, त्याच्या ५२ व्या वाढदिवशी, जेवणाच्या अखेरीस सुमारे पन्नास जळत्या रंगीत मेणबत्त्यांचा केक समारंभाने आणला गेला, असे त्याने नोंदवले आहे. याच गटेने दहा वर्षे आधी, १७९१ मध्ये, फोर्स्टरचा जर्मन अनुवाद वाचून ‘शाकुंतला’ची स्तुती करणारी चार ओळींची कविता लिहिली होती. त्या नाटकाच्या चौथ्या अंकात कण्व आश्रमातल्या झाडांना शकुंतलेची ओळख करून देतो. झाडांना पाणी दिल्याखेरीज स्वतः न पिणारी आणि नटण्याची हौस असूनही त्यांचे पान न खुडणारी ती ही, आता सासरी निघाली आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून ही शकुंतला मराठी घरांतही वावरते आहे. मेणबत्त्यांचा केक आणि पान न खुडणारी मुलगी एकाच कवीच्या आयुष्यात दहा वर्षांच्या अंतराने आली, हा निव्वळ योगायोग. आमच्या घरात मात्र त्या दोघी एकाच पाटावर आल्या.

आमच्यापैकी एकाच्या आई, आणि लग्नानंतर दोघांच्याही, त्या मे महिन्यात ७५ वर्षांच्या झाल्या. गावचे घर २०२१ मध्ये विकले गेले. भावंडांच्या संमतीने, रीतसर, कुणाचीही तक्रार न राहता. तेव्हापासून त्या आमच्याकडे असतात. घराविषयी त्या बोलत नाहीत. परसाविषयी बोलतात, तेही वर्तमानकाळात: ‘आता कर्दळ उठली असेल.’ त्या जागी आता वाहने उभी करण्याचा फरसबंद चौक आहे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वाढदिवसाला तो परस करायचा, असे आम्ही ठरवले.

परस ४५ फूट लांब आणि ३० फूट रुंद होता. पाट १८ इंच बाय १२ इंचांचा घेतला. म्हणजे एका इंचाला अडीच फूट हे प्रमाण झाले. नकाशासाठी भावंडांना दूरध्वनी केले आणि संहितेच्या अभ्यासात येतात तसे पाठभेद हाती आले. कढीपत्ता एकाच्या मते दाराच्या डावीकडे, दुसऱ्याच्या मते उजवीकडे. लिंबाचे झाड थोरल्या बहिणीला आठवते, धाकट्याला आठवत नाही. त्याच्या जन्माआधी ते गेले होते. जुनी छायाचित्रे पुढे ठेवून, माणसांच्या पाठीमागे काय दिसते ते भिंगातून पाहून, आम्ही एक पाठ निश्चित केला. मोरीच्या पाण्यावर अळू, भिंतीशी केळी, दारापाशी गवती चहा, कुंपणावर गोकर्ण, मग अबोली, मोगरा, शेवंती, कोपऱ्यात प्राजक्त आणि मधोमध वृंदावन.

मे महिना मोठा कठीण. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि आमच्याकडे दुपारी पारा ४० ला टेकतो. म्हणून हिरवळ लोण्याची न करता पालकाच्या रसात रंगवून वाळवलेल्या खोबऱ्याच्या किसाची केली. आई अंडे खात नाहीत, तेव्हा जमीन कंडेन्स्ड मिल्कची. वृंदावन नारळाच्या वड्यांचे रचले, त्यावर तुळशीची काजूची पाने एकेक करून बसवली. प्राजक्ताची फुले पाटावर विखुरली. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ. जमिनीवर पडलेले असूनही देवाला चालते असे ते फूल. मोगरा उन्हाळ्याचा, प्राजक्त पावसाळ्यानंतरचा, शेवंती थंडीची. सगळे एकाच दिवशी फुललेले. आठवणीतल्या बागेला ऋतू नसतो, हे आम्ही जाणूनबुजून केले होते.

संध्याकाळी निरांजन लावून औक्षण झाले. मेणबत्ती लावली नव्हती. पाट समोर ठेवला तेव्हा आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा पुसून त्यांनी बोटाने, न टेकवता, मोरीपासून दारापर्यंतची वाट काढली. नातीने सुरी पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि खाली ठेवली.

‘तुळशीला सुरी लावतात का ग?’

नात म्हणाली, ‘आजी, पण मग हा कापायचा कसा?’

‘कापायचा कशाला? बाग वाढा सगळ्यांना.’

आणि त्यांनी पहिला मोगरा दोन बोटांनी खुडून तिच्या हातावर ठेवला. मग अबोली धाकट्याला, कर्दळीचे पान शेजारच्या काकूंना. फुले सरल्यावर चमच्याने मोरीच्या बाजूने सुरुवात केली. अळू, केळी, गवती चहा, जमिनीच्या तुकड्यासकट, ताटात जेवण वाढावे तसे त्यांनी प्रत्येकाला वाढले. वृंदावनाभोवतीचा हातभर, म्हणजे पाटावरचा इंचभर, चौकोन त्यांनी शिल्लक ठेवला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाग वाढते, नारळ वाढवतात, ताट वाढतात. उगवणे, मोडणे आणि देणे या तीन गोष्टींना मराठीने एकाच धातूच्या घरात ठेवले आहे, हे आम्ही वीस वर्षे शिकवत होतो. ती तिन्ही क्रियापदे एका पाटावर, एका वाक्यात वापरलेली प्रथमच पाहत होतो. वाढदिवस हा शब्दही त्याच घरातला. तो उच्चारून लगेच ‘कापणे’ म्हणणे किती विसंगत आहे, ते आईंनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवले.

पाट रिकामा होत आला तेव्हा त्यांनी कुंपणाजवळच्या उघड्या जागेवर बोट ठेवले. ‘इथे रामफळ होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा होतं. पहिल्याच पावसात पडलं.’ भावंडांपैकी कुणीही ते पाहिलेले नव्हते, कोणत्याही छायाचित्रात ते नव्हते. ते झाड आता जगात फक्त त्यांच्याजवळ होते. ताटलीतला एक बेदाणा उचलून त्यांनी तिथे ठेवला आणि कुणी तो खाऊ नये म्हणून बराच वेळ त्याच्याकडे लक्ष ठेवले.

वड्यांचे वृंदावन त्यांनी दुसऱ्या दिवशी सज्जातल्या तुळशीच्या कुंडीत ठेवले. दुपारपर्यंत मुंग्यांनी ते नेले. नकाशाचा कागद मात्र आमच्याजवळ आहे. त्यावर कुंपणापाशी त्यांच्या अक्षरात ‘रामफळ’ असे लिहिले आहे.

त्यानंतर ओळखीतल्या दोन-तीन घरांनी अशीच मागणी केली: फुलपाखरे आणि ससे असलेली कुठलीही बाग नको, आमची अमुक बाग हवी. आम्ही आधी कागद आणि पेन्सिल घेऊन त्या घरच्या सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसतो. भट्टी नंतर. येत्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या वडिलांसाठी विहीर करायची आहे. पाणी जेलीचे होईल, कठडा वड्यांचा. रहाट कशाचा करावा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.