रस्त्याचीही मांडणी असते

दोन खोल्यांच्या घरात सामान कसे लावायचे हे आपल्या मायबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. ट्रंका खाटेखाली जातात, एकाच खुंटीवर पिशवी, छत्री आणि मुलाचे दप्तर लटकते, भांडी मांडणीवर चढतात. चालायची वाट मात्र मोकळी राहते, कारण त्याच वाटेने रात्री म्हाताऱ्या माणसाला उठून जायचे असते. जागा थोडी असली की माणसाला मांडणीची किंमत कळते.

मग हीच अक्कल शहराच्या रस्त्याला का लावली जात नाही?

मी जळगावात कारकुनी करतो. रोजचे जाणे-येणे पायी. बी.कॉम. झालेला माणूस असल्यामुळे जे दिसेल त्याचा जमाखर्च मांडण्याची सवय आहे. एकदा वाटेतल्या एका कोपऱ्याचा हिशेब मांडला. दिव्याचा एक खांब, त्याला लागून सिग्नलचा दुसरा, पलीकडे दिशा दाखवणाऱ्या पाटीचा तिसरा, कॅमेऱ्याचा चौथा, आणि केबलवाल्याने कशाचा तरी आधार घेऊन गुंडाळून ठेवलेली तार. मध्येच विजेची डी.पी. या सगळ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासची जाहिरात, 'खोली भाड्याने देणे आहे'. दिशा दाखवणारी पाटी होती, पण तिच्यावर एका तरुण नेत्याचा हसरा चेहरा होता. जमेच्या बाजूला चालणाऱ्यासाठी काय उरले म्हणाल, तर एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट.

हे असे का होते? कोणी मुद्दाम करते असे नाही. नगरपालिका दिवा लावते, वीज कंपनी डी.पी. बसवते, टेलिफोनवाले आपला डबा ठेवतात, पोलीस खाते सिग्नल उभारते. प्रत्येकाचे टेंडर वेगळे, म्हणून प्रत्येकाचा खड्डा वेगळा आणि खांबही वेगळा. नवे बसवायला पैसा मंजूर होतो, जुने काढायला होत नाही. घरात प्रत्येक पाहुण्याने येताना एक खाट आणली आणि जाताना तिथेच टाकली तर जे होईल, ते रस्त्याचे झाले आहे.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे काय सुशोभीकरण घेऊन बसलात? वाचकहो, प्रश्न शोभेचा असता तर मीही लिहिले नसते.

कामानिमित्त खेड्यातून आलेली माणसे रविवारी माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात. चोपड्याकडची एक आजी नातवाच्या दाखल्यासाठी कार्यालय शोधत दोन फेऱ्या मारून थकली होती. "भाऊ, पाटी कोठे शे?" असे तिने मला विचारले. पाटी तिच्या डोक्यावरच होती, फलकाच्या मागे. शिकलेला माणूस चार गोष्टींतून हवी ती वेचून काढतो. नुकतीच अक्षरओळख झालेली आजी, अधू नजरेचा म्हातारा आणि शहरात नवखा मजूर यांना ते जमत नाही. गाडीवाल्याचे तरी काय? ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. वीस फलकांत 'शाळा पुढे आहे' ही पाटी शोधायला त्याला वेळ कुठला? जी पाटी आपले मूल वाचवणार, तीच नेमकी हरवते.

आपल्या शेजारच्या धुळ्याचे उदाहरण घ्या. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याची नवी पेठ सरळ रस्त्यांत आखली. तिथल्या गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात. परक्या माणसाला पत्ता सापडायला कोपऱ्यावर एक आकडा दिसला तरी पुरे. साधा आकडा, पण तो दिसला पाहिजे.

आपल्या समाजाला तर या पाटीचे मोल अधिक आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या वस्तीचा पत्ता म्हणजे आपली जात होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पण नाव कागदावर बदलले म्हणजे बदलले असे नाही. रिक्षावाला, पोस्टमन आणि पाहुणा ते वाचू लागतील तेव्हाच जुने नाव तोंडातून जाईल. ती पाटी फलकाखाली झाकली गेली, तर जुने नावच चालू राहते.

मग उपाय काय? तो अवघड नाही, आपल्या घरातलाच आहे. एका खुंटीवर तीन वस्तू. दिवा, सिग्नल आणि दिशेची पाटी एकाच खांबावर बसू शकतात. बाक, कचऱ्याचा डबा, डी.पी., झाड आणि खांब हे सगळे फुटपाथच्या कडेच्या एका पट्ट्यात ओळीने ठेवायचे आणि उरलेली वाट चालणाऱ्याला सोडायची. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत चालण्याची वाट निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी हवी असे सांगितले आहे. १.८ मीटर म्हणजे जवळजवळ सहा फूट. दोन अपंगांच्या चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जातील एवढी जागा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची नियमावली केली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ, बसायला बाक अशी मांडणी करून दाखवली. खांब आणि बाक साध्या, शांत रंगाचे असावेत, म्हणजे भडक रंग फक्त धोक्याच्या पाटीला उरतो. आणि आपल्या खानदेशच्या उन्हात बसथांब्याला आधी सावली हवी, जाहिरातीची चौकट नंतर.

फलकांबाबत कायदा नाही असे नाही. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलक काढण्याचे सविस्तर आदेश दिले. तरी १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट लांब आणि १२० फूट उंच फलक वादळात पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. परवानगी ४० फुटांपर्यंतचीच मिळत असते.

ब्राझील देशातील साओ पाउलो या महानगराने २००६ मध्ये कायदा करून २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिरातींचे मोठे फलक बंदच केले. हजारो फलक उतरले, तेव्हा काही ठिकाणी त्यांच्या मागे दडलेल्या झोपडपट्ट्या शहराला दिसल्या. गरिबी झाकायलाही फलक कामी येत होता!

इथे एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. रस्ता मोकळा करायचा म्हटले की पहिला हात पडतो तो भाजीवालीच्या टोपलीवर आणि चहाच्या गाडीवर. डी.पी. जागची हलत नाही, नेत्याचा फलक हलत नाही, गरिबाची गाडी तेवढी हलते. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांचे सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रे द्या, तोपर्यंत कोणाला उठवू नका. शहराच्या विक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. भाजीची गाडी म्हणजे अडगळ नव्हे. तिलाही मांडणीत जागा द्यायची असते.

रस्त्याचे मोल आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. १९२४ मध्ये केरळातील वायकोम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे एवढ्यासाठी सत्याग्रह करावा लागला. भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. त्यांच्या वापराला जातीच्या कारणाने कोणी आडकाठी करू शकत नाही. जो हक्क इतक्या कष्टाने मिळाला, तो शुभेच्छा फलकाच्या बांबूला अडखळून जाऊ द्यायचा का?

आमच्या वस्तीत जयंतीच्या बैठकीत यावरून मोठा वाद झाला. एक तरुण तळमळीने म्हणाला, "काका, आत्ता कुठे आपण चौकात दिसायला लागलो. सगळ्यांचे फलक असताना आपणच का मागे राहायचे?" त्याचे दुःख खरे होते. शतकानुशतके ज्यांना नजरेआड ठेवले, त्यांना दिसावेसे वाटणारच. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "बाबासाहेबना फोटो देखाले लोके येतस. तुम्हना वीस फोटो कसाले?" सगळे हसले, पण मुद्दा पटला. ठराव झाला तो असा: फलक एकच, कापडी, परवानगी घेऊन. त्यावर बाबासाहेबांची प्रतिमा, कार्यक्रमाची वेळ आणि ठिकाण. कार्यकर्त्यांचे फोटो नाहीत. फलक काढण्याची तारीख त्याच्यावरच लिहायची आणि त्या दिवशी तो उतरवायचा. वाचलेल्या पैशातून वस्तीच्या नावाची पाटी केली. तिच्यासाठी नवा खांब पुरला नाही. घरमालकाच्या संमतीने कोपऱ्यावरच्या भिंतीला लावली. तोच तरुण शिडीवर चढला होता.

आपापल्या वस्तीत एवढे करून पाहा. एका संध्याकाळी घरातल्या मुलांना घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जा. वाट कुठे अडली आहे, कोणती पाटी झाकली आहे, कोणता मोडका खांब उगाच उभा आहे, याची यादी मुलांकडून लिहून घ्या आणि वॉर्ड कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. पोच जपून ठेवा. महिन्याने तीच पोच घेऊन पुन्हा जा. अर्ज कसा लिहावा हे अडले, तर आपल्यातला कोणी ना कोणी कारकून जवळपास असतोच.