दोन अंजन आणि पाच अक्षरं

आपल्याला अॅडमिशनला जन्मदाखला लागतो, बस पासला बोनाफाईड लागतं, होस्टेलला तर लोकल गार्डियनचं पत्रही लागतं. नकाशाला मात्र कुणी काही विचारत नाही. स्क्रीनवर रंगीत दिसला की तो खरा!

आमच्या एन.एस.एस. युनिटने यंदा जावळी तालुक्यातल्या एका गावाच्या डोंगरउतारावर पाचशे रोपं लावायचं ठरवलं. कुठली झाडं लावायची ते शास्त्रीय पद्धतीने ठरवू, असं सर म्हणाले आणि कमिटीत जीआयएस येणारी मी एकटीच निघाले. एका कार्यालयातून मिळालेली फाईल सरांनी पेन ड्राइव्हवर दिली. महाराष्ट्राचा जुना वनस्पती नकाशा, संगणकावर उतरवलेला. आमच्या डोंगरावर क्लिक केलं की रोमन लिपीत उत्तर यायचं: ‘अंजन’. झालं! खानदेशातल्या एका रोपवाटिकेत अंजनाची रोपं मिळतात, उद्याच ऑर्डर देऊ, असं मीटिंगमध्ये ठरलंसुद्धा.

मी कॉन्व्हेंटची. आंबा, वड, पिंपळ सोडले तर मराठी झाडांशी माझी ओळख बेताची. म्हणून अंजन म्हणजे काय हे मला पुस्तकात बघावं लागलं. बाकीच्यांना नाव ऐकून माहीत होतं, त्यामुळे कुणी बघितलं नाही. पुस्तकात हार्डविकिया बायनाटा सापडलं. कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचं झाड, जोडपानाचं, लाकूड लोखंडासारखं टणक. खानदेशात शोभेल असंच. पण आमच्या डोंगराच्या शेजारचं महाबळेश्वर म्हणजे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे हे साहेब काय करत होते?

फाईललाच विचारावं, तर माहितीचा रकाना कोरा. कुणी काढली, कधी, कशावरून, काही नाही. मग सबमिशनची जर्नल्स बाजूला ठेवून दोन रात्री हाच उद्योग केला (रूममेटने क्षमा करावी).

पहिला धागा सापडला तो सरळ रेघांचा. जंगलाची हद्द कधी पट्टीने आखल्यासारखी नसते. इथे मात्र बरोबर २० अंश अक्षांशावर, नाशिकच्या रेषेत, हिरवे तुकडे एकदम तुटत होते आणि वरचे-खालचे एकमेकांना नीट भेटत नव्हते. तशीच उभी रेघ ७८ अंश रेखांशावर. दोन्ही यवतमाळ जिल्ह्यात एकमेकींना छेदत होत्या. दशलक्षांश प्रमाणाच्या आंतरराष्ट्रीय नकाशाचे कागद चार अंश उंच आणि सहा अंश रुंद असतात, हे सर्व्हेइंगच्या तासाला लिहून घेतलेलं अचानक उपयोगी पडलं. म्हणजे आपली फाईल एक नकाशा नव्हे, चार कागदांची गोधडी!

भारताचे या प्रमाणाचे वनस्पती-नकाशे म्हटले की पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचंच नाव पुढे येतं. ही संस्था १९५५ सालची. फ्रान्समधल्या तुलूझचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसां यांच्या पद्धतीने तिथे हे काम झालं, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने. गोदावरीचा कागद १९६३चा, मुंबईचा १९६६चा, सातपुडा आणि वैनगंगा त्यानंतरचे. फाईलमध्ये मात्र सगळे एकाच दिवशी जन्मल्यासारखे शेजारी बसलेले.

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत मुंबईचा कागद बघायला मिळाला. ग्रंथपाल काकांनी टेबल पुसून तो उलगडला आणि मी बघतच राहिले. गोसांच्या पद्धतीत रंग हा झाडाचा नसतोच, तो परिस्थितीचा असतो. ओलाव्याला निळ्याकडचा रंग, कोरडेपणाला पिवळा-नारिंगी, उष्णतेला तांबडा, आणि हे रंग एकावर एक छापून जो तयार होतो तो त्या जागेचा. आपल्या ग्राफ पेपरला लाजवणारा आणखी एक नियम त्यांचाच: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजा, तापमान सेल्सियसमध्ये. पाऊस तापमानाच्या दुपटीहून कमी भरला की तो महिना कोरडा. या हिशोबाने एवढ्या पावसाच्या महाबळेश्वरातसुद्धा डिसेंबर ते मार्च कोरडेच ठरतात. चार महिने धो धो आणि पुढे ठणठणाट, हे सोसणारी झाडंच तिथे टिकतात. त्या रंगाच्या सूचीत लॅटिनमध्ये तीन नावं होती: मेमेसायलॉन, सायझिजियम, अॅक्टिनोडॅफ्नी. मला हे उच्चार झटकन जमले. मराठी काकांनी सांगितलं: अंजनी, जांभूळ, पिसा.

अंजनी! अंजन नव्हे.

परत येऊन टेबल उघडलं. नावाच्या रकान्याची लांबी पाच अक्षरं. कुणीतरी लॅटिन नावांची मराठी करून रोमनमध्ये भरली होती आणि पाचाच्या पुढचं सगळं संगणकाने कापलं होतं. ‘साग-ऐन’मधला साग उरलेला, मग आडवी रेघ, मग ऐनाचं फक्त पहिलं अक्षर. ती लोंबकळणारी रेघ पहिल्या दिवसापासून समोर होती. ‘अंजनी-जांभूळ-पिसा’ कापलं की अंजन, ‘अंजन-धावडा’ कापलं तरी अंजन. कागदावर निळसर ओल आणि पिवळा कोरडेपणा यांनी हे दोघे कुठल्या कुठे वेगळे दिसले असते. पण फाईल करताना हद्दी तेवढ्या गिरवल्या, रंग सोडून दिला. ज्या गोष्टीसाठी नकाशा काढला होता, तीच गाळली! हद्दींचाही फार भरवसा नको. त्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. पेनाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली आपलं होस्टेल, मेस आणि ग्राउंड आरामात झाकलं जाईल.

सरांना सगळं दाखवलं. सर दोन मिनिटं गप्प बसले, मग खानदेशात फोन करून ऑर्डर थांबवली आणि म्हणाले, ‘चल, गावात विचारून येऊ.’

गावातल्या तात्यांना मी प्रिंटआउट दाखवायला लागले. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि आम्हाला देवराईत नेलं. ‘ही अंजनी. हिला निळी फुलं येत्यात, खोडालगत, गच्च. तो पिसा. आन् जांभळ तुला ठावं असंल.’

जांभळाची दोनशे रोपं साताऱ्यात मिळाली, पिसाची चाळीस. अंजनीची कुठेच नाहीत, कुणी करतच नाही म्हणे. तात्यांनी बी गोळा करायचं कबूल केलंय. पाचशेचा आकडा यंदा भरणार नाही, आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं यावर कमिटीत अजून वाद चालू आहे.