कच्चे लिंबू आणि 113

हिंदमाताच्या आमच्या चाळीत क्रिकेटचा डाव मांडला, की सर्वांत लहान पोर 'कच्चे लिंबू' ठरे. ते बाद झाले तरी बाद नसे. किती वेळा, हे मोठ्यांच्या मर्जीवर. गोल्फमधील 'हँडिकॅप' हे या कच्च्या लिंबाचे हिशोबी भावंड. शब्द आला तो टोपीत हात घालून खेळायच्या एका जुन्या इंग्रजी सौद्याच्या खेळातून. (आपल्याकडे टोपी 'घातली' जाते, तो भाग वेगळा.)

माझा एक माजी विद्यार्थी चेंबूरला गोल्फच्या मैदानावर नोकरी करतो. त्याने हा हिशोब मला एकदा कागदावर मांडून दाखवला. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 डावांतील उत्तम 8 डावांच्या सरासरीतून खेळाडूचा निर्देशांक निघतो. पण तो मैदानाबरोबर बदलणाऱ्या सवलतीचा केवळ कच्चा माल. निर्देशांकाला मैदानाच्या 'स्लोप'ने गुणायचे, 113 ने भागायचे. मग निष्णात खेळाडूला तेथे लागणारे अपेक्षित फटके आणि मैदानाचे 'पार' यांतील फरक मिळवायचा. स्लोप 55 ते 155 असतो. 113 म्हणजे मध्यम अवघड.

समजा, दोन खेळाडू आहेत, निर्देशांक 5 आणि 20. दोन्ही मैदानांवर तो फरक उणे 1 धरू. स्लोप 100 असेल तर सवलत 3 आणि 17. स्लोप 130 असेल तर 5 आणि 22. दोघांमधले अंतर 14 वरून 17 झाले!

मला खिळवून ठेवले ते या तीन फटक्यांनी. अवघड मैदान सर्वांना सारखे अवघड नसते. दुबळ्याला ते अधिक जाचते, आणि नेमके किती अधिक, हे अमेरिकी नौदलातील डीन नूथ यांनी 1970 च्या दशकात आकड्यांत बसवायला घेतले.

आमच्याकडे पेपर अवघड गेल्याची ओरड झाली, की सरसकट पाच गुण वाढवण्याची सूचना येते. ही बेरीज झाली. हुशार मुलाला त्या पाचांची गरज नसते आणि ज्याला पेपरने खरोखर आडवे केले, त्याला ते पुरत नाहीत. गुणाकार मात्र कोणी सुचवत नाही. सुचवला, तरी स्लोप मोजणार कोण? गोल्फच्या मैदानावर त्यासाठी प्रशिक्षित माणसे प्रत्यक्ष फिरतात. वाळू, झाडी, पाणी, सारे टिपून घेतात. जुलैत हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून परीक्षेला पोहोचलेल्या मुलाच्या हजेरीपटावर एवढेच लिहिलेले असते: उपस्थित.