सात फुटांची काठी

"घरातला झाडू मोडून महिना झाला, तो आणायला तुला वेळ नाही. आणि ही सात फुटांची काठी आणलीस?"

बायकोचा प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर म्हणून चौदा रकान्यांची एक्सेल शीट होती, पण ती दाखवण्याची ती वेळ नव्हे हे आठ वर्षांच्या संसारानंतर कळतं. :)

तर मंडळी, आजची गोष्ट एका फिशिंग रॉडची. आणि थोडी बाबांची.

बाबा एप्रिल २०२५ मध्ये आमच्याकडे ऑस्टिनला आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच, म्हणजे एकटेच. जयगडच्या खाडीकाठच्या गावात उभा जन्म गेलेला माणूस. इथे टेक्ससमध्ये गाडी चालवता येत नाही, चालत जावं तर फूटपाथ मध्येच संपतो. दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. आम्ही काही विचारलं की "हो", "नको" आणि "तुमचं चालू द्या" ही तीन उत्तरं आलटून पालटून. तीन आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी गाडी पुलावरून जात असताना त्यांनी खाली पाणी पाहिलं आणि म्हणाले, "इथे कोणी गरवत नाही का रे?"

गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. आमच्याकडचा शब्द. तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, रिक्वायरमेंट आली की रात्रभर झोप नाही. त्याच रात्री शीट उघडली.

इथे गोड्या पाण्यात लोक ज्याच्या मागे वेडे असतात तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळा पट्टा आणि तोंड उघडलं की अख्खी मूठ आत जाईल असा जबडा. पाणवेलीत, बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. याचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरीने १९३२ साली जॉर्जियात केला, २२ पौंड ४ औंसांचा, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. आम्हाला अर्थातच विक्रम वगैरे करायचा नव्हता. बाबांना खुर्चीतून उठवायचं होतं.

बोट असलेल्या लोकांचं बरं असतं. पाच-सहा रॉड मांडून बसतात, ल्युअर बदलायचं तर रॉडच बदलतात. आपण काठावरून गरवणारे. एका हातात रॉड, पाठीवर सॅक, आणि झाडाझुडपांतून चालायचं. म्हणून एकच रॉड हवा आणि त्याने सगळं थोडं थोडं करायला हवं. ऑफिसात एखादा असतो ना, टेस्टिंगही करतो, क्लायंटचा फोनही घेतो आणि प्रिंटरही दुरुस्त करतो, तसा.

पहिला निर्णय रिळाचा. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं, फेकायला सोपं. बेटकास्टिंग रीळ वर बसतं, आणि फेकताना त्याचं चाक स्वतः फिरतं. सगळी मेख तिथेच आहे. ल्युअर हवेत हळू झालं तरी चाक जोरात फिरतच राहतं, दोरी बाहेर जायला जागा नसते, आणि एका सेकंदात रिळावर चिमण्यांचं घरटं तयार होतं. मग हे घ्यायचंच कशाला? तर जाड दोरी आणि वजनदार ल्युअर याला झेपतं, आणि अंगठा चाकावर असल्यामुळे ल्युअर हवं तिथे टाकता येतं, ओंडक्याच्या डावीकडे म्हणजे डावीकडेच. पाव औंसाच्या खालचं हलकं सामान फेकायचं असेल तर मात्र सरळ स्पिनिंग घ्यावं, उगाच हट्ट करू नये.

आता रॉड. दुकानात गेलात की मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचायचं. तिथे सगळं असतं, पण तिथला विक्रेतासुद्धा दोन गोष्टींची गल्लत करतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या एक-तृतीयांशातच वाकतो, मॉडरेट असेल तर मध्यापर्यंत. वेलीत रुतवलेल्या रबरी अळीचा एकच जाड गळ असतो, तो माशाच्या जबड्यात बसवायला ताठ आणि फास्ट रॉड लागतो. उलट तीन तोंडांचे छोटे गळ लावलेली लाकडी-प्लास्टिकची मासळी ओढत असाल तर रॉड जरा मऊ हवा, नाहीतर झटक्याने गळ निसटतो. दोन्ही एका रॉडमध्ये शंभर टक्के मिळत नाही. मी मीडियम-हेवी पॉवर आणि फास्ट ॲक्शन घेतली, आणि मासळीवालं ल्युअर लावलं की रिळाचा ड्रॅग थोडा सैल करायचा असं ठरवलं. वर्कअराउंड हो. आपलं अख्खं करिअर त्यावर चाललंय.

ल्युअरचं वजन पाव ते एक औंस, म्हणजे साधारण ७ ते २८ ग्रॅम. दोरी १२ ते २० पौंडांची. मी १५ पौंडांची साधी नायलॉनची लावली. फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि बुडते, ब्रेड ताणत नाही आणि वेली कापते, पण बाबांनी तिघींना बोटांत धरून पाहिलं आणि एकीला ओळखलं. "हा आपला तंगूस." विषय संपला.

लांबीवर मी दोन रात्री घालवल्या. लांब रॉड दूर फेकतो, आणि काठालगतच्या गवतावरून दोरी उचलून धरतो. पण पाठीमागे झाड असेल तर तोच रॉड फांदीत अडकतो. साडेसहा की सात? शेवटी सात फूट घेतला, पण मागची मूठ आखूड असलेला, म्हणजे अडचणीच्या जागी मनगटातून फेकताना कोपराला लागत नाही. "एकसंध की दोन तुकडे" हा माझा नववा रकाना होता. एकसंध रॉड कोरोलात तिरका बसतो हे मोजून पाहिलं आणि तो रकाना डिलीट केला. (हे लक्षात ठेवा.)

पहिले दोन शनिवार पार्किंग लॉटमध्ये गेले. गळ नसलेलं सरावाचं वजन लावायचं. रिळाच्या बाजूचा नॉब इतका आवळायचा की ल्युअर सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच चाक थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवायचे आणि हात बसेल तसे कमी करायचे. हे सगळं करूनही पहिल्या तासात माझी अकरा घरटी झाली. बाबांची चार. त्यांनी ब्रेकबिक काही ऐकून घेतलं नाही, अंगठा ठेवला आणि टाकलं. हातदोरीने गरवणाऱ्याला दोरी बोटातून कशी सरकते हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि माझी घरटी सोडवायला तेच बसले. मी कात्री आणायला उठलो तर म्हणाले, "कापायचं नाही. बस इथे." पार्किंगच्या कट्ट्यावर अर्धा तास आम्ही गुंता सोडवत बसलो. मधेच म्हणाले, "तुझी आई वैतागायची. मी दोरी घेऊन पडवीत बसलो की चहा गार व्हायचा."

दोन वर्षांत आईबद्दल ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी काही बोललो नाही. गुंता सोडवत राहिलो.

मे संपायच्या आत एका रविवारी आम्ही मॅकिन्नी फॉल्स स्टेट पार्कला गेलो. टेक्ससमध्ये स्टेट पार्कच्या आत काठावरून मासे पकडायला फिशिंग लायसन्स लागत नाही, पाहुण्या बाबांसाठी ही उत्तम सोय. चुनखडीच्या सपाट खडकांवरून अनियन क्रीक वाहते, काठाला जुने सायप्रस वृक्ष. बाबा खडकावर उभे राहिले, पाण्याकडे पाच मिनिटं नुसते बघत बसले आणि मग बोटाने एक मुळी दाखवली. "तिथे असणार."

तिथेच होता. बारा इंच. इथे चौदा इंचांच्या आतला बास ठेवता येत नाही. मी सांगितलं, बाबांनी मान डोलावली, सोडला. तासाभराने दुसरा आला, मोजला तर पंधरा इंच. मी त्याला पाण्याकडे नेतोय हे पाहून बाबा उभेच राहिले.

"हा का सोडतोस?"

"इथे असंच करतात बाबा. कॅच अँड रिलीज."

"कायद्यात बसतो ना?"

"बसतो. पण लोक सोडतात."

"खायचा नाही तर त्याच्या तोंडात लोखंड कशाला घातलंस?"

मंडळी, माझ्या चौदा रकान्यांत याचं उत्तर नव्हतं. मी खेळ, निसर्ग, पुढच्या माणसालाही मिळायला हवा वगैरे सुरू केलं. त्यांचा चेहरा बंद होत चाललेला दिसत होता, पुन्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीतला. मासा माझ्या हातात, आणि मी पॉवरपॉइंट देतोय! शेवटी जे वाचलं होतं ते सांगितलं. वसंतात हे मासे काठाजवळ उथळ पाण्यात अंडी घालतात, आणि नर राखणीला बसतो. त्याला उचलला की बाकीचे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात.

"म्हणजे आत्ता त्यांची वेळ आहे?"

"मोसमाचं शेवटचं टोक आहे, पण हो."

"मग हे आधी सांगायचंस," बाबा म्हणाले. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ती कशासाठी असते हे त्यांना कोणी समजवायची गरज नव्हती. त्यांनी हात पाण्यात भिजवले, मासा माझ्याकडून घेतला आणि स्वतः सोडला. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हे मी व्हिडिओ पाहून शिकलो होतो. ते कुठे शिकले कोण जाणे. मग पक्कड मागितली आणि गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. "सोडायचेच आहेत तर निघू दे लवकर."

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. मीडियम-हेवी रॉड मी मोठ्या माशासाठी घेतला होता. पण ताठ रॉडचा खरा उपयोग हा, की मासा लवकर काठाला येतो, दमून अर्धमेला होत नाही.

जून आला. "तिकडे बंदी लागली आणि इकडे उठली," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर चक्क हसले. त्या रविवारी सोळा इंचांचा एक मिळाला. मी पुन्हा ल्युअर बांधायला घेतलं तर त्यांनी दोरी गुंडाळायला सुरुवात केलेली.

"पाच ठेवता येतात बाबा."

"माणसं किती आपण? तीन. एक पुरे. मिळाला की उठायचं."

घरी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यांनीच तो साफ केला. आई असताना ते मासा आणून ओट्यावर ठेवायचे आणि पेपर वाचायला बसायचे. फोडणीची कढई कुठे आहे हे त्यांनी माझ्या बायकोला विचारलं आणि तिने इंडियन स्टोअरातलं कोकम शोधून दिलं. हळद जास्त झाली, मीठ कमी. बासला आपल्या जिताड्याची चव नाही हे मान्य करावं लागेल. तिघांनी कढई पुसून खाल्ली. झाडूची चौकशी त्या दिवशी झाली नाही.

सप्टेंबरात ते परत जायला निघाले. आदल्या रात्री बॅगा भरताना रॉड हातात घेऊन उभे होते. टोक वाकवून पाहिलं, मूठ चाचपली.

"खाडीत जिताड्याला चालेल ही. खारं पाणी आहे, आल्यावर धुऊन ठेवीन गोड्या पाण्याने." मग बॅगेकडे पाहिलं, परत रॉडकडे पाहिलं. "दोन तुकड्यांत मिळते का रे ही?"

मिळते बाबा. तेवढाच रकाना मी डिलीट केला होता.

परवा ऑर्डर केलीय. डिसेंबरात मीच घेऊन जाणार आहे. आणि हो, झाडू आणला.