पाणी कितपत उतरलंय?

सहल म्हटली की आमच्या वसतिगृहात पहिली चर्चा डब्याची होते, दुसरी मोबाईलच्या चार्जिंगची, आणि जायचे कोठे हा प्रश्न सर्वांच्या शेवटी येतो. या खेपेला तो आलाच नाही. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांतल्या मिळून आम्ही सहाजणी, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला (व फराळात वाटेकरी म्हणून) एक बाई. आदल्या रात्री दांडेलीला मुक्काम, पहाटे जीप. डोंगर, नदी, गुहा, धरण सगळे एका दिवसात, आणि जीपवालाच वाटाड्या. परीक्षेला अजून महिना होता. नाही म्हणण्यासारखे त्यात काहीच नव्हते. तरीही मी दोन दिवस हो म्हटले नव्हते, कारण यादीतले शेवटचे ठिकाण सुपा धरण होते.

बेळगावहून खानापूर, लोंढा करीत बस रामनगरला आली, तेव्हा स्टँडवर आजी उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. मैत्रिणींनी खिडकीतून तिच्याशी चार शब्द बोलून घेतले. बस सुटायच्या वेळी ती खिडकीशी आली आणि हळूच मला म्हणाली, "पाणी कितपत उतरलंय, तेवढं बघून ये."

शेजारी हुक्केरीची मैत्रीण बसली होती. तिचे मराठी चांगले आहे, पण घाईत ऐकले की घोटाळा होतो. तिने आजीला मोठ्याने दिलासा दिला, "काळजी करू नका हो आजी, आम्ही कुणी पाण्यात उतरणार नाही!" सगळी बस हसली. आजीही हसली. मीही हसले, आणि तो विषय तेथेच संपला म्हणून मला बरे वाटले.

येथे थोडा खुलासा करायला हवा. माझे गाव म्हणून मी सगळीकडे रामनगर लिहिते. पण माझ्या वडिलांच्या जन्माच्या दाखल्यावर सुपा आहे. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारपाशी समुद्राला मिळते. वाटेत तिला पांढरी नदी मिळे, त्या संगमावर सुपा हे गाव होते. साधेसुधे खेडे नव्हे, तालुक्याचे गाव होते ते. तालुक्याचे नावच सुपा होते. १९७४ साली धरणाचे काम सुरू झाले, १९८७ मध्ये ते पुरे झाले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि उठवलेल्या माणसांसाठी रामनगर वसले. आमच्या घराची दाराची चौकट सुप्याच्या घरातून काढून आणलेली आहे. ती नव्या भिंतीच्या मानाने उंच झाली, म्हणून सुताराने खालून वीतभर कापली. लहानपणी त्या कापलेल्या टोकावर बोट फिरवायची मला सवय होती. हे सारे माझ्या मैत्रिणींना ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी एकदा एकीला मी सहज सांगितले, तर ती "अय्या, घरं दिसतात का गं वरून? फोटो आहे?" असे म्हणाली होती. तिचा त्यात काही दोष नाही. पण त्यानंतर मी रामनगरच्या मागे जाणे सोडून दिले.

दांडेलीला सकाळी सहाला जीप दारात हजर. ताडपत्रीचे छत, बाजूला समोरासमोर दोन बाक, आणि चालवणारे मामा. पन्नाशीच्या आसपासचे वय, डोक्याला टोपी, तोंडात एकाच वाक्यात तीन भाषा. पुढे बसलेल्या बाईंशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाशी कोंकणी. त्यांनी निघण्यापूर्वीच नियम सांगितले: जंगलात ओरडायचे नाही, खाली काही टाकायचे नाही, आणि "पुढचा पॉइंट कुठला" हे विचारायचे नाही. तिसऱ्या नियमाचे तेव्हा आम्हांला नवल वाटले.

दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे. पुढे अणशीचे जंगल त्याला जोडून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचेच नाव आहे. वाघ आम्हांला दिसला नाही. तो दिसेल असे मामांनीही कबूल केले नव्हते. धनेश मात्र दिसले, एकदम चार. झाडावरून उडताना त्यांच्या पंखांचा जो आवाज होतो, तो पक्ष्याचा वाटत नाही, कोणी दूर भाता ओढीत असावे तसा वाटतो. बाईंनी त्यावर एक छोटे व्याख्यान दिले. ते चांगले होते, पण जीपच्या आवाजात निम्मे गेले.

पोटोलीच्या पुढे सिंथेरी रॉक. पुष्कळ पायऱ्या उतरून खाली गेले की अचानक समोर कातळ उभा राहतो. एकसंध ग्रॅनाइटचा, तीनशे फुटांच्या घरात उंच. कोणा इंग्रज बाईच्या नावावरून हे नाव पडले असे सांगतात. पायथ्याशी कानेरी नदी आहे. तिने दगड असे कोरले आहेत की, कोठे रांजण, कोठे पन्हळ, कोठे नुसती पोकळी. कातळाच्या अंगाला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लोंबतात आणि कपारींतून रानपारव्यांचे येणेजाणे चाललेले असते. आम्ही तेथे अर्धा तास बसलो. सहलीतला तेवढाच अर्धा तास कोणी बोलले नाही. पाण्यात जायची मनाई आहे, आणि ती योग्य आहे. वरून शांत दिसणारे ते पाणी आत कोठे खोल आहे हे सांगता येत नाही. हुक्केरीची मैत्रीण मला कोपराने ढोसून म्हणाली, "आजीला सांग, उतरलो नाही."

गुंदावरून उळवीला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. उळवी म्हणजे चन्नबसवण्णांची समाधी. बाराव्या शतकात कल्याणात दंगा उसळला, शरणांची पांगापांग झाली, तेव्हा ते आपल्या माणसांना घेऊन या रानात आले. माघात येथे जत्रा भरते आणि बेळगाव-धारवाडकडचे शेतकरी आजही सजवलेल्या बैलगाड्या जोडून येतात. कन्नड विभागातल्या दोघींच्या घरून गाडी यायची, त्यामुळे येथे वाटाड्याचे काम त्यांच्याकडे गेले. गुहा त्यांनीच दाखवल्या. महामने, मग अक्कनागम्मांची गुहा. अक्कनागम्मा म्हणजे बसवण्णांची बहीण आणि चन्नबसवण्णांची आई. आत शिरताना कंबरेत वाकावे लागते, डोक्याला थंड दगड लागतो, आणि डोळे सरावेपर्यंत आपण कोठे आहोत ते कळत नाही. विजेरीच्या उजेडात पाण्याने ओले झालेले छत दिसले. एकजण म्हणाली, "एवढ्याशा जागेत माणसं कशी राहिली असतील?" दुसरी म्हणाली, "मागं परतायला जागा नसली की राहतात." ती हे कन्नडमध्ये म्हणाली. मला मोडके-तोडके कन्नड येते, पण एवढे कळले.

प्रसाद घेतला, भाकरी खाल्ल्या (चटणी बाईंनी दोनदा मागून घेतली) आणि कुंभारवाडा, जोयडा करीत उतरत्या उन्हात गणेशगुडीला आलो.

धरणाच्या वरच्या बाजूला जायची परवानगी मामांनी आधीच काढून ठेवली होती. वळण संपले आणि पाणी दिसले. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. रामनगरहून हे अंतर काही फार नाही, बसने तासाभराचा रस्ता. पण आमच्या घरातून कोणी कधी हौसेने तिकडे गेलेले नाही. पाणी निळे होते, शांत होते, आणि खरे सांगायचे तर फार सुंदर होते. याचा मला राग आला. ते कुरूप असते तर सोपे गेले असते. पाण्याच्या कडेने तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला होता, म्हणजे पाणी उतरलेले होते. किती, ते मला मोजता येईना.

मामांनी माहिती सुरू केली. धरणाची उंची १०१ मीटर, लांबी ३३२. पायथ्याशी शंभर मेगावॅटचे वीजघर. तेथून सुटलेले पाणी पुढे बोम्मनहळ्ळीच्या धरणात जाते, तेथून बोगद्याने नागझरीच्या वीजघरात. खाली कोडसळ्ळी, कद्रा. "नदी आता घड्याळावर चालते," ते म्हणाले. "वीजघरातून पाणी सोडलं की खाली रबरी बोटी चालणार, बंद केलं की बोटवाले बिड्या ओढत बसणार." मैत्रिणी हसल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि या पाण्याखाली एक अख्खं गाव आहे बघा. देवळासकट. रात्री वारा पडला की घंटा ऐकू येते म्हणतात."

सगळ्या एकदम गप्प झाल्या. एकीने तर कान देऊन ऐकले. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "घंटा खाली नाही. ती रामनगरला आमच्या गल्लीतल्या देवळात आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिले. सकाळपासून प्रथमच त्यांनी टोपी काढली.

"तू कुठली, बाय?"

"सुप्याची," मी म्हटले. हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

"कुणाच्यातली?"

"बाजारातल्या शिंप्याची नात."

"अरे देवा," ते म्हणाले, "माझ्या बापाच्या लग्नातला कोट तुझ्या आज्यानं शिवलेला. आईनं अजून ठेवलाय." ते स्वतः सहा-सात वर्षांचे असताना तेथून उठले होते. मग घंटेची गोष्ट कशाला सांगता, असे मी विचारले. प्रश्न जरा उद्धटपणेच विचारला गेला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पहिली दोन वर्षं खरं सांगत होतो. इथं आमचं घर होतं, इथं शाळा होती. गिऱ्हाईक ऐकून घेतं, आणि मग विचारतं, पुढचा पॉइंट कुठला? घंटा सांगितली की निदान दोन मिनिटं गप्प बसतं."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

मग त्यांनी हात लांब करून दाखवले. काळी तिकडून यायची, पांढरी इकडून. त्या दोन टेकड्यांच्या पोटात बाजार, वरच्या अंगाला कचेऱ्या. माझ्या मैत्रिणी त्यांच्या बोटाच्या रोखाने बघत होत्या आणि कोणाच्याही हातात मोबाईल नव्हता. हुक्केरीची बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आमच्याकडं हिडकलच्या पाण्यात विठोबाचं देऊळ आहे. उन्हाळ्यात बाहेर येतं. आम्ही बघायला जातो, भेळ खातो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आमचा ऊस त्याच पाण्यावर आहे गं." ती माफी मागत होती की नुसते सांगत होती, मला कळले नाही. मी तिचा हात धरला. आमच्याही वसतिगृहात रात्री दिवे लागतातच की.

परतीची बस रामनगरला धरायची होती. मामांनी आम्हांला स्टँडवर सोडले आणि माझ्या भाड्याचे पैसे घेतले नाहीत. बाईंनी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "कोटाची शिलाई समजा." दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरी उतरले.

आजी स्वयंपाकघरात विळीवर वाल सोलून चिरीत बसली होती. उळवीचा प्रसाद तिने कपाळाला लावून तोंडात टाकला. चटणी पुरली का, बाईंना आवडली का, हे सारे विचारून झाले. कोटाची गोष्ट सांगितली तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "करड्या रंगाचा कोट. बाही आखूड झाली म्हणून तो तीनदा परत आला होता." मग तिने विचारले, "पाणी?"

मी म्हटले, "उतरलंय. पण बाजार दिसत नाही."

"कुठनं बघितलंस?"

मला नीट सांगता येईना. तेव्हा मी खाली बसले आणि ताटातली वालाची सालपटे घेऊन जमिनीवर एक रेघ ओढली. ही काळी. दुसरी ओढली, ही पांढरी. जेथे दोन्ही मिळतात तेथे चार दाणे ठेवले, आणि हा बाजार, असे म्हटले. आजीने दाणे उचलून रेघेच्या दुसऱ्या अंगाला ठेवले. "बाजार इकडं. तिकडं पूर यायचा." मग एकेक दाणा ठेवीत गेली. हे आमचं. ही वाण्याची माडी. ही विहीर. इथे तुझा बाप पडला होता. दाणे संपले तेव्हा तिने शेंगा सोलून आणखी घेतले.

"आणि धरण कुठं बांधलं म्हणतेस?" तिने विचारले. चाळीस वर्षे झाली, आणि हे तिने आजवर पाहिलेले नव्हते.

मी दाखवले. तिने इकडेतिकडे पाहिले, मग विळी उचलली, पाते मिटले आणि त्या दोन रेघांच्या पुढे आडवी ठेवली. जरा वेळ पाहिले.

"एवढ्याशा जागेत?" ती म्हणाली, आणि विळी परत उचलून उरलेल्या शेंगा चिरायला बसली.