उलटा पत्रा

रेसच्या गाडीला मागे विंग कशाला लावतात, याचं मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं उत्तर कर्जत-चौक रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मिळालं. ते देणारे काका एरवी फार्महाऊसची गेटं, जिन्यांचे कठडे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. हवेचा वेग, वरचा दाब, खालचा दाब असं मी पाच मिनिटं समजावत होते. त्यांनी विंग हातात घेतली, पालथी केली, परत सुलटी केली आणि म्हणाले, "म्हणजे उलटा पत्रा. वारा घरावरचा पत्रा वर ओढतो, हा खाली ओढणार."

बरोबर. यापुढे मला सांगायचं काही उरलंच नव्हतं.

विंग माझ्या दादाची. दादा खोपोलीच्या एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि पगारातला बराच भाग टायरांवर घालवतो. त्याची गाडी जुनी मित्सुबिशी सेडिया. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर पोर्शवाले हसतील, हसू देत. मागची सीट काढलेली, आत लोखंडी केज, सस्पेन्शन बदललेलं. वर्षातून एकदा-दोनदा ती फ्लॅटबेडवर चढून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक डेला जाते. 1990 साली सुरू झालेला हा ट्रॅक साधारण 3.7 किलोमीटरचा आहे. तिथल्या लांब सरळ पट्ट्यानंतर उजवीकडे जाणारं पहिलं वळण लागतं, त्याला सी-वन म्हणतात. वेग फारसा कमी न करता घ्यायचं वळण.

गेल्या वर्षी त्याच वळणात दादाने मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. वजन पुढे सरकलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी स्वतःभोवती फिरत गवतात जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. घरी त्याने "टायर गेले" एवढंच सांगितलं. मला मात्र त्याने गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. गाडी फिरत असताना साधारण दीड सेकंद तो काहीच बोलत नाही. आमचा दादा एवढा वेळ गप्प कधी बसत नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिलेला नाही.

म्हणून विंग.

कुठलीही सेडान बाजूने पाहा. बॉनेटवरून काचेवर, टपावरून मागच्या उतारावर अशी एक मोठी कमान दिसते. तिच्यावरून हवा वेगाने जाते आणि गाडीचा मागचा भाग थोडा वर उचलला जातो. ऑडीची पहिली टीटी 1998 मध्ये आली तेव्हा तिची पाठ अशीच गुळगुळीत, गोल होती. जर्मनीत भरधाव टीटींचे ताबा सुटून अपघात झाले, त्यांत माणसं गेली. मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शनमध्ये बदल केले. स्पॉयलर गाडीला चिकटून बसतो आणि पाठीवरून वाहणारी हवा मोडतो. विंग पाठीपासून वर, मोकळ्या हवेत उभी असते. तिच्या वरूनही हवा जाते आणि खालूनही, म्हणून ती गाडीला खाली दाबू शकते.

किती दाबते? दादाची विंग 1.4 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद. थोडा कोन दिला, तर माझ्या हिशेबाने ताशी 160 किलोमीटरला ती साधारण 40 किलोचा दाब देते. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला की दाब पाव होतो. 80 ला 10 किलो, 40 ला अडीच. शनिवारी सकाळी खालापूर टोलनाक्यावर थांबलात तर पंखवाल्या गाड्यांची मिरवणूक दिसेल. एक्सप्रेसवेवर सपाट भागातली मर्यादा आहे 100. त्या वेगाला असली विंग देते साधारण 15 किलो, म्हणजे गॅसच्या रिकाम्या सिलिंडरएवढं वजन. एवढ्यासाठी रिकामा सिलिंडर डिकीत टाकलेला बरा.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत मनाने बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं की विंग ट्रॅकवर चढवायची आणि ट्रॅकवरच उतरवायची.

आता बसवायची कशी? विंगबरोबर दोन ॲल्युमिनियमचे पाय आले होते आणि डिकीच्या झाकणाला भोकं पाडून ते कसायचे स्क्रू. काकांनी झाकण अंगठ्याने दाबलं. पत्रा टण्णकन आत गेला आणि बाहेर आला. ते स्क्रूची पिशवी बाजूला ठेवत म्हणाले, "निसर्गच्या वेळचं सांगतो."

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगडभर घरांची छपरं उडाली. त्यानंतर कित्येक आठवडे काका नुसते पत्रेच बसवत होते. "लोक म्हणायचे बोल्ट तुटले. मी वर चढून बघायचो तर बोल्ट जागच्या जागी. पत्राच फाटून गेलेला. भोक आधी लांबतं, मग वायसर त्यातून निघतो, मग सगळं जातं. ताई, बोल्ट कुणी धरलाय ते बघायचं असतं."

मी इंजिनिअरिंगला चार वर्षं 'लोड पाथ' शिकले. म्हणजे जोर जिथे निर्माण होतो तिथून जमिनीपर्यंत तो कोणत्या वाटेने जातो, ते शोधायचं. इतक्या थोडक्यात ते कुणी सांगितलं नव्हतं.

रेसिंगने हे फार महाग शिकलंय. 1966 मध्ये अमेरिकेत जिम हॉल यांच्या शॅपरल टू-ई गाडीवर उंच खांबांची विंग आली. ते खांब बॉडीवर नव्हतेच, थेट मागच्या चाकांच्या जोडणीवर टेकलेले होते. दाब सरळ टायरवर. दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये विंगा आल्या, आणि त्या दिवसेंदिवस उंच आणि बारीक होत गेल्या. 4 मे 1969 ला बार्सिलोनाच्या मोंजुईक ट्रॅकवर आधी ग्रॅहम हिल यांच्या लोटसची विंग मोडली. मग थोड्याच वेळात योखन रिंट यांच्या लोटसची, जवळपास त्याच जागी. रिंट यांची गाडी हिल यांच्या पडलेल्या गाडीवर जाऊन आदळली. दोघेही वाचले. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, उंच विंगांवर बंदी आली.

मला त्या दोन गाड्यांची भीती वेगळ्या कारणाने वाटते. विंग नसलेल्या गाडीत ड्रायव्हर मागचं टोक हलकं आहे हे धरून चालवतो. विंग लावली की तो दोन फेऱ्यांत तिच्यावर विसंबायला शिकतो, वळणात वेग वाढवतो. मग ती मोडली, तर आधार जातो आणि वाढलेला वेग तसाच राहतो. दादाला विंग लावून देणं म्हणजे त्याला सी-वनमध्ये आणखी जोरात जायला सांगणं होतं. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मी तसाही जाणारच आहे गं." हे खरं होतं, म्हणूनच मला राग आला.

काकांनी झाकणाला हातही लावला नाही. मागचा बंपर काढला, आतल्या दोन मुख्य दांड्या उघड्या केल्या आणि त्यांच्यावर जाड एमएस प्लेट बसवून तिथून दोन पाय वर काढले. आधी नुसते टॅक मारले, गुण्या लावून पाहिला, दोन्ही टोकांची उंची जुळवली, मग पूर्ण वेल्डिंग. एका बाजूला तीन असे सहा बोल्ट, नायलॉक नट, खाली मोठे वायसर.

मग परीक्षा. विंगवर गोधडी, गोधडीवर फळी, फळीवर सिमेंटच्या दोन गोण्या. 100 किलो, म्हणजे 160 च्या दाबाच्या अडीचपट. विंग मध्यभागी थोडी वाकली. रात्रभर गोण्या तशाच ठेवल्या. सकाळी उतरवल्यावर विंग पुन्हा दोरीच्या खुणेवर आली. वाकणं चालतं, परत न येणं चालत नाही.

कोनाचा वाद मात्र झाला. दादाला जास्त कोन हवा होता. पण विंग मागच्या चाकांच्याही मागे मीटरभर आहे आणि गाडीची दोन चाकांमधली लांबी 2.6 मीटर. मागे 40 किलो दाबले की मागच्या चाकांवर 55 येतात आणि पुढच्यांवरचे 15 कमी होतात. सेडियाची पुढचीच चाकं गाडी ओढतात, वळवतातही. काकांनी ऐकलं आणि दादाला म्हणाले, "गाडी उलाळ होईल रे." बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांचा जोर लागत नाही. दादा माझ्याशी तासभर भांडला होता, काकांशी नाही भांडला. कोन सगळ्यात कमी ठेवला.

शेवटचं काम माझं. माझ्या लाल नेलपेंटने मी प्रत्येक नटवरून खालच्या प्लेटपर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. दादाला एकच अट घातली. ट्रॅकवर विंग चढवली की रेघा नव्याने ओढायच्या, आणि प्रत्येक सेशननंतर आधी त्यांचा फोटो पाठवायचा, लॅप टाइम नंतर.

त्या दिवशी त्याने चार सेशन केली. तो चेन्नईजवळ, मी कर्जतला ऑफिसच्या कामात, फोन टेबलावर उलटा ठेवलेला. चार वेळा तो थरथरला. चारही फोटो मी बोटांनी मोठे करून पाहिले. सहाच्या सहा रेघा सरळ. लॅप टाइम किती कमी झाला ते त्याने लिहिलं होतं, पण ते मी संध्याकाळी वाचलं.